मोरपंखी साडीचा माग

आईचं कपाट सताड उघडं होतं आणि हितेंद्र त्यावर बंदुकीसारखं एक यंत्र रोखून उभा होता. तेरावं उरकून आईच्या साड्या वाटायला बसलेली मंडळी त्याच्याकडे बघायला लागली.

"हे काय रे?" मोठ्या भावानं, रमाकांतनं विचारलं.

"रीडर. टॅग जवळपास असला की वाजतो."

काळाचौकीच्या त्या खोलीत तो काही वाजला नाही.

हितेंद्रचा धंदाच तो. कापडात इवलीशी चिप बसवायची, की वस्तू कुठे आहे ते रेडिओलहरींवर कळतं. सध्या या टॅगना मरणाची मागणी होती. साड्यांची दुकानं, गोदामं, चादरी हरवून बसलेली हॉस्पिटलं, सगळे त्याच्या लोअर परळच्या ऑफिसात खेपा घालत. जगाच्या वस्तू शोधून देता देता गडी चांगलाच वर आला होता, आणि जरा हवेतही गेला होता.

हिंदमाताच्या दुकानाची पहिली मोठी ऑर्डर मिळाली, तेव्हा तिथूनच त्यानं आईला मोरपंखी महेश्वरी घेतली. धुण्यात टिकणारा टॅग मुद्दाम काठात शिवून घेतला.

आईनं त्यावरून बोट फिरवलं. "हरवूक नको म्हणान?" ती हसली होती.

पण ती साडी तिच्या अंगावर त्याला कधी दिसली नाही. त्याच्या लेकीच्या, ओवीच्या बारशालासुद्धा आई विटक्या साडीत आली, काखेत वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन. बारशाला आलेलं सगळं ऑफिस बघत होतं. हितेंद्रनं तिला लिफ्टपाशी गाठलं.

"माझी साडी कुणाला दिलीस? वहिनीला?"

"फुकट घालवूचंय नाय रे झिला," एवढंच ती म्हणाली.

तो रागावला तो रागावलाच. टॅक्सीनं पंधरा-वीस मिनिटांवर असून काळाचौकीला फिरकला नाही. आणि मग आईच गेली. आता राग काढायला फक्त वहिनी उरली होती.

"विकली असेल तर सांगा, वहिनी. मी काही बोलणार नाही."

कालिंदीवहिनीचे डोळे भरले. "भावोजी, महिनाभर त्यांनी ती घरात रोज नेसली. रोज धुवायच्या. मग दिसेनाशी झाली. आम्ही दोघं दिवसभर कामावर, काय सांगणार?"

"नवी महेश्वरी? घरात, रोज?" हितेंद्र कडवट हसला.

"बस झालं, हित्या," रमाकांत म्हणाला.

एकही साडी न घेता तो निघाला. टॅक्सीत त्याला रडू कोसळलं. साडी गेली खड्ड्यात. नुसतं जाऊन तिच्या शेजारी बसायला हवं होतं, तिच्या हातचा चहा प्यायला हवा होता. ही अक्कल आता सुचत होती.

आपल्या घराच्या टॉवरच्या फाटकाशी तो उतरला आणि हातातला रीडर वाजला. रागाच्या भरात बंद करायचा राहिला होता. त्यानं आकडा पाहिला. नंबर त्याच साडीचा होता.

तो पुढे झाला तसा आवाज वाढला. वॉचमनच्या केबिनपाशी तर रीडर थांबेचना. बुधाजी खुर्चीवरून दचकून उठला. त्याच्या खुर्चीत एक लहानशी गोधडी घडी करून ठेवली होती.

"साहेब, चोरीची नाय हां," तो घाबरून म्हणाला. "बारशाच्या दिवशी पाहुणे गेल्यावर तुम्हीच पुडकं दिलंत. म्हणालात, असल्या चिंध्या नकोत बाळाला."

हितेंद्रनं घडी उलगडली. वरून जुन्या साड्यांचे तुकडे होते. बाळाच्या अंगाला लागणारी आतली बाजू मात्र अख्खी मोरपंखी होती, धुऊन धुऊन मऊ केलेली.