गुलाबी कापूस

सून घरीच कानातले घडवायची आणि तिचा एक नियम पक्का होता. तपासणीच्या औषधाचा थेंब टाकलेला कापूस कानात जाणाऱ्या तारेवर घासायचा. गुलाबी झाला की तारेत निकेल, म्हणजे कानाला खाज; जोड बाद. सासूबाई मात्र कान खाजवून बेजार, तरी स्वतःचे कानातले काही तपासू द्यायच्या नाहीत. “लग्नात ह्यांनी दिलेत. अस्सल चांदी आहे.”

आज त्या कानातले काढून अंघोळीला गेल्या आणि सासऱ्यांनी तो जोड गुपचूप सुनेच्या टेबलावर आणून ठेवला. कापूस क्षणात गुलाबी झाला.

“चांदी नाहीच ती,” सासरे खाली मान घालून म्हणाले. “तेव्हा ऐपत नव्हती. चाळीस वर्षं तिचे हाल बघतोय. तार तेवढी बदल, पण तिला कळू देऊ नकोस.”

सुनेने लगेच चांदीची तार बसवून दिली. संध्याकाळी तिने सहज विचारल्यासारखं केलं, “आई, आज खाज नाही ना?”

सासूबाईंनी नवी तार बोटाने चाचपली आणि गालातल्या गालात हसल्या.

“खाज मला कधी सुटलीच नव्हती गं. चाळीस वर्षं ह्यांच्यासमोर कान खाजवतेय, तेव्हा कुठे आज कबूल झाले.”