कानाच्या पाळीवरची रेघ

फोटो स्टुडिओत गिऱ्हाइकांच्या सुरकुत्या पुसणं हे तिचं पोटापाण्याचं काम. बाबांच्या कानाच्या पाळीवरची तिरपी रेघही तिने प्रत्येक फोटोत सराईतपणे पुसली होती. बाबा हार्ट अटॅकने गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “सिगारेट ओढणाऱ्याच्या कानावर अशी रेघ दिसली, की हृदय तपासून घ्यावं.” आज भिंतीवर लावायचा बाबांचा फोटो न्यायला दादा आला. बाबांसारखीच त्याच्याही कानामागे सिगारेट खोचलेली. स्क्रीनवर नुसता कान मोठा करून ठेवलेला बघून तो वैतागला. “ती रेघ तेवढी काढ ना गं. बाबा किती म्हातारे दिसतायत!” “बाबांची कधीच काढली रे,” ती म्हणाली, “हा तुझा कान आहे. परवाच्या पासपोर्ट फोटोतला.” दादा हसायला गेला. “म्हणजे वाटणीत मला एवढंच आलं म्हणायचं!” सिगारेटकडे गेलेला त्याचा हात मात्र पाळीपाशीच घुटमळत राहिला.