झेंडूची माळ

सुरतजवळच्या भेस्तानमध्ये पप्पा ज्या साडी कारखान्यात कामाला होते, तिथला कॉम्प्युटर अपग्रेड करायचा होता. त्याला जोडलेल्या कोणत्या वस्तू नव्या विंडोजवर चालतील, ते धनश्री आधी तपासून घेत होती. प्रिंटर चालणार होता, कॅमेरेही. धुराचा अलार्म मात्र कॉम्प्युटरला दिसतच नव्हता.

"पप्पा, अलार्म बिघडलाय का?"

"नाही गं. दसऱ्याला मशीनींची पूजा केली ना, तेव्हा धूप लावला का तो बोंबलेल, म्हणून मीच त्याची वायर काढेल होती."

"मग परत कधी लावली?"

पप्पांनी वर पाहिलं. अलार्मवर दसऱ्याची माळ अजून लटकत होती. झेंडू वाळून काळे पडले होते.

माळेमागे सुटी वायर तशीच लोंबत होती. दिवाळीत एका दुपारी शेजारच्या गोदामाला आग लागली, तेव्हा जळका वास येऊन कारखान्याच्या माळ्यावर झोपलेले रातपाळीचे कामगार उठून बसले होते. "आपल्याकडे धूर असता तर अलार्म वाजला नसता का?" असं म्हणत सगळे परत झोपले. पप्पाही त्यांच्यातच होते. त्यांनीच तर घरी फराळ खाताना हे हसत हसत सांगितलं होतं.