टोपीखालचा हुंकार

लेकीने बाबांना गळ्यापर्यंत वाळूत पुरलं आणि उन्हासाठी तोंडावर टोपी ठेवली. शेजारी माडाच्या सावलीत लवंडून आई त्यांच्याशी बोलत होती. "यंदाची सुट्टी सार्थकी लागली, नाही?"

टोपीखालून हुंकार आला.

"अगं, टॉवेल सापडता सापडेना!" पाठीमागून नवऱ्याचा आवाज आला. तो हॉटेलकडून धापा टाकत येत होता.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. "पोरीला उचला आधी," ती कशीबशी म्हणाली.

ढिगाऱ्याकडे पाहताच त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्याने लेकीला कडेवर घेतलं, तशी ती हातपाय झाडत किंचाळली, "सोडा मला! मला बाबांकडे जायचंय!"

वाळूला तडा गेला. टोपीखालून नवऱ्याच्याच आवाजात कोणीतरी शांतपणे म्हणालं, "तिला इकडे दे."