ओळखखूण

तीन महिने ईमेलवर ईमेल पाठवून रिदाने अखेर पणजोबांचे लष्करी कागद मिळवलेच! दर महिन्यासारखी ती दादाजींच्या पांढऱ्या केसांना मेंदी लावायला बसली होती, तेवढ्यात फोनवर ते ईमेलने आले. हात फडक्याला पुसून ती अधाशासारखी वाचू लागली.

"दादाजी, ऐका! भरती आपल्या नाशकातच. मग थेट बर्मा. दोन पदकं! आणि शेवटची लढाई..."

"ते राहू दे, बेटा. फोटो आहे का?"

बाप लढाईवर गेला तेव्हा शौकत दादाजी आईच्या पोटात होते. तो परतलाच नाही, आणि घरात त्याची एक तसबीरही नव्हती. "फोटो मी आणणारच," असं रिदाने अख्ख्या मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतं.

तिने सगळी पानं दोनदा वरखाली केली. "फोटो नाहीये, दादाजी."

"जाऊ दे. एवढी वर्षं काढलीच की."

"थांबा ना, उंची लिहिलीय. पाच फूट चार इंच. आणि ओळखखूण..." रिदाने ती ओळ पुन्हा वाचली.

"काय गं?"

"उजव्या कानामागे टपोरा तीळ."

दादाजी हसले. "आता तो कुठं बघायचा?"

आपल्याच कानामागचं माणसाला कुठं दिसतं! पण मेंदी लावताना रिदा दर महिन्याला त्या तिळाभोवती जपून बोट फिरवायची. तिने दादाजींचा हात धरला आणि त्यांचं बोट त्यांच्याच उजव्या कानामागे नेऊन ठेवलं.

ब्याऐंशी वर्षांत दादाजींनी पहिल्यांदाच बापाला हात लावला.