कोंबड्यानं नेलेला कान

"तुमचा इश्वास बसणार न्हाई, पण ह्याच अंगणात तुमच्या मंठ्याच्या आज्याचा कान कोंबड्यानं पळवल्ता," आबाराव म्हणाला, तेव्हा त्याच्या दोन्ही पोरांचे हात एकमेकांच्या नरड्यावर होते.

कोणी ऐकलं नाही. थोरल्या कल्याणची भुवई फुटून रक्त गालावर आलं होतं. धाकट्या राजानंदचा सदरा बगलेपासून फाटला होता. औषधांचं स्टूल उलटं पडलं होतं आणि बाटल्या पलंगाखाली गेल्या होत्या.

पलंगावर द्वारकाबाई होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून ती बोलली नव्हती, डोळे उघडले नव्हते. नाकात नळी, नळीतून पेज. आज नर्स येऊन नळी बदलणार होती. राजानंदनं तिला फोन करून सांगितलं, येऊ नका. तिथूनच पेटलं.

"खुनी हायेस तू," कल्याण धापा टाकत म्हणाला. "फादर म्हणले, मशीन लावू नका, चालंल. पण घास तोडायचा न्हाई. भुकेनं मारलं तरी ते मारणंच."

"आन आमचे पास्टर म्हणले, ज्यानं त्यानं प्रार्थना करून ठरवावं. मी ठरवलं. देव न्यायला आलाय, आन तू त्याला नळी दाखवून दारात थांबवून राह्यला."

कल्याणनं त्याचं डोकं भिंतीवर आदळलं. राजानंदनं गुडघा घातला.

एका आईची दोन पोरं दोन चर्चची कशी, ते परतुरात सगळ्यांना ठाऊक होतं. आबाराव प्रोटेस्टंट मंडळीतला, द्वारकाबाई मंठ्याच्या कॅथलिक घरातली. सोयरीक जमतानाच ठरलं होतं, पहिलं लेकरू तिच्याकडचं, दुसरं याच्याकडचं. म्हशीची वगारं वाटून घ्यावीत तसं.

राजानंदची बायको मोनिका पेजेचं पातेलं घेऊन दारात उभी होती. "मामा, ह्यांना सोडवा. गोष्टी मंग सांगा."

सोडवायचं बळ आबारावच्या अंगात नव्हतं. तोंडात होतं. त्यानं गोष्ट पुढं रेटली.

"कल्याण पोटात व्हता तवाची बात. तुमच्या मायला कावीळ. अंगावरून जाणं थांबेना. डाक्टर म्हणला, पोट मोकळं करा, न्हाई तर बाई जाती. मंठ्याचा आजा सायकल हाणत आला. म्हणला, पोटातला जीव देवाचा, हात लावायचा न्हाई. माझा बाप म्हणला, आधी बाई वाचवा, झाड राह्यलं तर फळं येतील. दोघं बी पवित्र शास्त्रातली वचनं सांगायले. वचनं सरली तसं दोघांनी सरपण उचललं."

हात नरड्यावरच होते, पण आवळायचे थांबले.

"माझ्या बापानं कुऱ्हाड घेतली. फिरवली ती अशी. कान उडून उकिरड्यावर. कोंबड्यानं उचलला आन पळाला. रक्ताची धार पार आडापावतर. पुढं आजा चर्चात बसायचा तर एकाच कानानं ऐकायचा. त्याला निम्मंच पाप ठाऊक व्हतं."

"आज्याला दोन कान व्हते," कल्याण म्हणाला. "मी पाह्यलेत."

"एक रबरी व्हता."

मोनिकाला हसू आलं. राजानंदच्या तोंडात रक्त होतं, तो थुंकला. आबाराव थांबला, पलंगाकडं पाहिलं, आणि पुन्हा सुरू झाला.

"दोघं कापाकापीवर आल्ते. मी शेतातून आलो. कुऱ्हाड हिसकावली अन् चौकटीत घातली. म्हणलो, बायको माझी, ठरवीन मी. ज्याला मधी यायचं त्यानं मान हितं ठेवावी. बिलकुल आवाज बंद. मी म्हणलो, लेकरू ठेवायचं. देवानं दोघं बी वाचवले."

कल्याणचे हात खाली आले. तो आईच्या पायाशी बसला. "मला कधी सांगितलं न्हाई कुणी."

राजानंदनं सदऱ्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "तवा तुमीच ठरवलं ना, बाबा? मंग आता बी तुमीच ठरवा. तुमी म्हणाल ते मला मंजूर."

"मला बी," कल्याण म्हणाला.

पोरांचे हात सुटावेत म्हणून आबारावनं गोष्ट सांगितली होती, स्वतःच्या गळ्यात लोढणं बांधून घ्यायला नाही. उभ्या जन्मात त्यानं बैल सुद्धा स्वतःच्या मनानं विकला नव्हता. आता दोघं त्याच्याकडं पाहत होते. नळी ठेव म्हणावं तर राजानंद पुन्हा उठणार. काढ म्हणावं तर कल्याण. आणि ती? रोज तिचं अंग पुसताना हाडं हाताला लागत होती.

जीभ मात्र सवयीनं चालत होती.

"ते बी तवाच ठरलं," तो म्हणाला. "कुऱ्हाड चौकटीत रुतली तशी तुमची माय माझ्या पाया पडली. म्हणली, धनी, माझ्या जगण्याचं तुमी ठरवलं, मरणाचं बी तुमीच ठरवा. माझी काही तक्रार न्हाई."

तो पलंगाच्या कडेला बसला. नळी जागेवर राहावी म्हणून तिच्या नाकावर चिकटपट्टी लावलेली होती. त्यानं तिचं टोक नखानं उचललं. कल्याणनं डोळे मिटून छातीवर क्रूस काढला. राजानंदनं मान खाली घातली. मोनिकानं पातेलं जमिनीवर ठेवलं.

पट्टी अर्धी निघाली.

"खोटं," द्वारकाबाई म्हणाली. "कुऱ्हाड माह्या हातात व्हती. तुमी कणगीत लपल्ते."