पटतं की नाही

"व्हिसा मागताना तुम्हीच सांगितलंत, बायकोशी पटत नाही," साहेब म्हणाले. दुभाषी बाईंनी ते मराठीत सांगितलं.

निनादनं थकून मान हलवली. पटतं म्हटलं असतं, तर हा तिकडे असलेल्या बायकोपाशीच, गार्गीपाशीच राहून जाईल या संशयानं तीन महिन्यांचा व्हिसाही मिळाला नसता. आता तो परदेशात पोचला होता आणि त्याला कायमचं ठेवून घेण्यासाठी गार्गीनं केलेला अर्ज त्याच उत्तरावर अडला होता. लग्न खरं वाटलं नाही, तर व्हिसा संपताच, रविवारी त्याला एकट्याला कोल्हापूर गाठायचं होतं.

"पटतं हो आमचं," निनाद म्हणाला.

"पटतं?" शेजारी बसलेली गार्गी उसळली. "परवा आमटीत गूळ पडला म्हणून भरल्या ताटावरून कोण उठलं?"

"गूळ? अख्खी ढेप होती ती!"

"मग जा आईच्या हातचं खायला!"

"रविवारी जातोच आहे!"

"जा! आणि जाताना तो पलंगावरचा ओला टॉवेलही घेऊन जा!" म्हणता म्हणता गार्गीला रडू फुटलं.

"काय म्हणताहेत?" साहेबांनी विचारलं.

दुभाषी बाई जांभई आवरत म्हणाल्या, "विशेष काही नाही, साहेब. नवरा-बायको आहेत."